फुगडीतली ओढ : तांब्यातल्या जोडशिल्पाच्या नोंदी

१४ जून २०२५

या वर्षीचं मोठं काम आज नक्की केलं. फुगडी घालणाऱ्या दोन बायका, तांब्यात, उंची साधारण ३० सेंटिमीटर. नियम एकच : टेकू नाही. बैठकीला टाका (धातू वितळवून केलेला सांधा) मारलेला नाही, पायातून खाली उतरलेली सळई नाही, मागून पेलून धरणारा पदर नाही. हातात हात अडकले की दोघी उभ्या. एकीला उचललं की दुसरी पडलीच पाहिजे.

नियम का, तेही लिहून ठेवते. पुढे काम अडलं की सगळ्यात आधी तोच सोडून द्यावासा वाटेल. फुगडीची चित्रं आपण लहानपणापासून बघत आलो आहोत : श्रावणातल्या पुरवण्यांत, कॅलेंडरांवर, शाळेच्या भिंतींवर. नऊवारी, नथ, उडणारा पदर, हातांची कैची. सुबक असतात. पण त्यातली एक बाई तळव्याने झाकून बघावी. दुसरी खुशाल उभी राहते. म्हणजे काढणाऱ्याने दोन बायका काढल्या आणि त्यांचे हात जुळवले, फुगडी काढायची राहून गेली. फुगडीत एकटीने उभं राहायची सोय नसते. पाय जवळ, अंग मागे टाकलेलं, आणि आपला तोल समोरचीच्या मुठीत. मला ते घडवायचं आहे.

झिम्मा, पिंगा, गोफ मला मनापासून आवडतात. पण झिम्म्यात जोडीदार चुकली तर ताल चुकतो, फुगडीत हात सुटला तर डोकं फुटतं. दोन माणसांच्या नाचात इतका उघडा भरवसा मी दुसऱ्या कुठल्या नाचात पाहिलेला नाही.

घरात आहे : ८ आणि १० गेजची तांब्याची तार, शाडू, जुना टॉर्च. आणायचं आहे : एक मिलिमीटरचा तांब्याचा पत्रा, चांदीचा टाका, टाकणखार.

२२ जून

पहाटे वडकीला जाऊन बसले. माउलींची पालखी आज पुण्याहून सासवडला निघाली. दिवे घाट चढायच्या आधी वारकरी थोडे विसावतात, आणि विसावा म्हणजे नुसतं बसणं नसतं. टाळ गळ्यातच, आणि फुगड्या सुरू. बाप्यांच्या फुगड्या बघायच्या तर वारीतच. एरवी हा खेळ बायकांचा मानतात, इथे सत्तरीचे आजोबाही पोरासारखे हात पुढे करतात. बंदोबस्तावरच्या दोन महिला पोलीससुद्धा टोप्या काढून, एका माळकरी आजीशी आळीपाळीने खेळून गेल्या.

मला हवी होती ती जोडी मात्र वेगळीच निघाली. एक भारदस्त माउली, नव्वदच्या पुढे वजन असेल, आणि समोर किडकिडीत आजोबा, जेमतेम पन्नास किलोचे. मला वाटलं, जड माणूस हलक्याला फरफटवणार. तसं काही झालं नाही. आजोबा इतके मागे कलले की त्यांची पाठ जवळजवळ रस्त्याकडे झाली, आणि जाडे माउली जवळजवळ सरळ. फिरण्याचा मधला बिंदू दोघांच्या बरोबर मध्ये नव्हता, जाड्या माउलींच्या पोटापाशी होता. त्यांच्याभोवती आजोबा मोठं वर्तुळ काढत होते.

आजोबा थांबल्यावर विचारलं, "आजोबा, चक्कर नाही येत?"

"म्होरच्याच्या तोंडाकडं बघायचं, माउली. हिकडंतिकडं बघितलं की संपलं."

हे वहीत ठळक अक्षरात लिहिलं आहे. सगळं जग फिरत असताना समोरचा चेहरा तेवढा जागेवर असतो, कारण तो आपल्याबरोबरच फिरतो. शिल्पात नजर कुठे जाणार हा प्रश्न मिटला.

दोघी सारख्या वजनाच्या करायच्या नाहीत, हेही घाटाच्या पायथ्याशीच ठरलं. सारख्या केल्या की आरसा होतो. एक जड, एक हलकी, आणि दोघींचं मागे कलणं वेगवेगळं.

२७ जून

आज हत्यारांना हात लावला नाही, कागदावर आकडे मांडले.

दोघी ५५ किलोच्या धरल्या. चवडे जमिनीवर, शरीराचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटतं तो बिंदू, चवड्यापासून ३० सेंटिमीटर मागे, हात जमिनीपासून ११० सेंटिमीटरवर. न फिरता नुसत्या अशा मागे कलून उभ्या राहिल्या तर हातांवर ओढ येते सुमारे १५ किलोची. आता दीड सेकंदाला एक फेरा या वेगाने फिरवा. बाहेर फेकणारा जोर मिळवला की तीच ओढ ४७ किलोच्या आसपास जाते. पाण्याने भरलेल्या तीन बादल्या दोन तळव्यांवर पेलायच्या, तेही हसत, गाणं म्हणत. मंगळागौरीनंतर दुसऱ्या दिवशी बायकांचे दंड का भरून येतात, ते या एका बेरजेत दिसतं.

पायांचा हिशोब मला जास्त आवडला. हात दोघींना आत ओढतात, म्हणून पाय आत सरकू बघतात. चवड्याला चवडा भिडवून फुगडी घालतात ती यासाठी. वर ओढ, खाली रेटा. दोन्ही एकाच वेळी, उलट्या दिशांना. शिल्पात हे दोन सांधे खरे हवेत : मुठी आणि पायाची बोटं. बाकी सगळं त्यांच्यामध्ये आपोआप ताणलं जाईल.

वजनं वेगळी असली तरी ओढ दोन्हीकडे सारखीच असते, एकच हात दोघींचा आहे ना. म्हणून हलकीला जास्त मागे जावं लागतं. ७०० ग्रॅमची एक आणि ५०० ग्रॅमची दुसरी केली, तर मधल्या रेषेपासून पहिलीचा गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटरवर, दुसरीचा ७ वर. सात पंचे पस्तीस, पाच साते पस्तीस. पाढ्यांवर उभं राहणारं शिल्प.

संध्याकाळी भावजयीला अंगणात उभं केलं. आमच्यामध्ये दोरी, दोरीत बॅगा तोलायचा काटा. न फिरता मागे कललो. काटा पंधराच्या आसपास हलत राहिला. ती म्हणाली, "ताई, फोटो काढा लवकर, माझे हात गेले."

४ जुलै

जमिनीवरून काही हाती लागतं का, ते आज बघितलं. जोडीच्या नाचांची नोंद करायची युरोपातली जुनी पद्धत पावलांची आहे. रौल-ओजे फ्यूए याने १७०० साली पॅरिसमध्ये नाच कागदावर उतरवायची जी लिपी छापली, तिच्यात पान म्हणजे नाचाची जमीन आणि त्यावरच्या रेषा म्हणजे नाचणाऱ्यांच्या वाटा. सिॲटलमध्ये ब्रॉडवे रस्त्याच्या फुटपाथवर जॅक मॅकी यांनी १९८२ मध्ये ब्राँझची पावलं बसवली. टँगो, वॉल्ट्झ, मांबो अशा नाचांच्या पावलांच्या खुणा, बाणांसकट. येणारेजाणारे त्यावर पाय ठेवून भर रस्त्यात दोन ठेके नाचून जातात. सार्वजनिक कलेचा इतका आनंदी नमुना मला दुसरा माहीत नाही.

म्हणून मांजरपाट अंथरलं, गेरू कालवला, भावजय आणि तिच्या मैत्रिणीचे तळवे रंगवले आणि म्हटलं, घाला फुगडी. कापडावर उमटलं ते एक गच्च, लाल, गोल कडं. वॉल्ट्झमध्ये जोडी दालनभर फिरते, त्यामुळे तिची गोष्ट पावलांत वाचता येते. फुगडीची जोडी जागा सोडत नाही. तिचं सगळं नाट्य वर आहे, हातांत, कमरेत, डोक्याच्या मोठ्या वर्तुळात. पाय फक्त आस सांभाळतात.

कापड मात्र ठेवलं आहे. त्या कड्याच्या मधोमध दोन पावलांच्या टोकांची जागा कोरी राहिली आहे. बोटं बोटांना भिडतात तिथे गेरू पोचलाच नाही. शिल्पाच्या पायांचा आराखडा त्यावरूनच घेईन.

१२ जुलै

भिंतीवर कामीय क्लोदेल या फ्रेंच शिल्पकर्तीच्या 'वॉल्ट्झ'ची छायाचित्रं लावली आहेत, वेगवेगळ्या बाजूंनी. जोडीच्या नाचाचं शिल्प करायला बसणाऱ्या कुणालाही या बाईला ओलांडून जाता येत नाही.

तिची कथा थोडक्यात : पहिल्या रूपात दोन्ही आकृत्या विवस्त्र होत्या. संगमरवरात करण्यासाठी सरकारी काम मिळावं म्हणून तिने प्रयत्न केला. १८९२ साली कलाखात्याचे निरीक्षक आर्माँ दायो बघायला आले. कारागिरी त्यांना पसंत पडली, नग्नता पडली नाही. तिने वस्त्र चढवलं, १८९३ च्या प्रदर्शनात ते रूप मांडलं, पण संगमरवराचं काम काही मिळालं नाही. संगीतकार क्लोद दब्यूसी यांच्याकडे या शिल्पाची एक प्रत होती आणि ती त्यांच्या खोलीत शेवटपर्यंत राहिली, असं सांगतात.

नाइलाजाने चढवलेल्या त्या वस्त्राचं तिने काय केलं ते शिल्पकार म्हणून बघण्यासारखं आहे. जोडी एका बाजूला ढळली आहे, इतकी की खऱ्या माणसांची अशी जोडी पुढच्या क्षणाला पाय टाकेल किंवा कोसळेल. आणि बाईच्या कमरेपासून वस्त्राचा लोट जमिनीपर्यंत उतरतो. नजरेला ते फिरण्याचा वेग वाटतं, आणि धातूचा भार उचलायचं काम तेच करतं. टेकू आणि वेग एकच झाले आहेत. हे पाहून मी नेहमी थक्क होते.

तरीही मला तो मार्ग नको. वॉल्ट्झमध्ये दोघं एकमेकांत मिटतात, मधे जागा उरत नाही. फुगडीत दोघींमध्ये हातभर मोकळी हवा असते आणि ती हवाच ताणलेली असते. तिथे कापड आणलं तर सगळं गेलं.

शिवाय आपल्याकडे वस्त्राचा धडा आधीच घालून दिलेला आहे. गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ मध्ये, जे. जे. स्कूलमध्ये शिकत असताना, 'मंदिरपथगामिनी' प्लास्टरमध्ये केली. नऊवारीची घडी अंगावर कशी बसते, कुठे ताणते, कुठे सैल पडते, हे त्या एका पुतळ्यात शिकता येतं. माझ्या बायकांचं लुगडं तसं अंगासरशी हवं. काष्ट्यामुळे दोन्ही पाय वेगळे आणि मोकळे दिसतात, हा तर फुगडीच्या शिल्पाला मिळालेला आशीर्वाद आहे.

२९ जुलै

नागपंचमी आणि श्रावणातला पहिला मंगळवार एकाच दिवशी आले. सकाळीच आईने बजावलं, "आज चिरायचं-कापायचं नाही. ती पक्कड आणि कात्री ठेव बाजूला." ठेवली. तिच्या घरात हा दिवस असाच पाळला जातो आणि मला त्याचा त्रास होत नाही. वही-पेन्सिल घेऊन रात्री मामेबहिणीच्या मंगळागौरीला गेले.

रात्रभर बसून रेखाटलं. नोंदी :

खेळायला उठताना प्रत्येकीने पहिली गोष्ट केली ती पदर कमरेला खोचण्याची. आत्या तर पोरींवर ओरडतच होती, "आधी पदर खोच गं, पायात येईल!" म्हणजे कॅलेंडरातला उडता पदर खेळणाऱ्या बाईचा नाही. उडते ती वेणी. वेणीचा शेपटा खांद्यापासून बाहेर, तिरका, जमिनीशी साधारण ४५ अंशांत. रात्री उशिरा आकडे मांडून पाहिले. डोकं आसापासून ६० सेंटिमीटरवर आणि तोच दीड सेकंदाचा फेरा धरला तर कोन जवळपास तेवढाच येतो. शिल्प स्थिर, पण वेणी वेग सांगेल.

पकड : उजवा उजव्यात, डावा डाव्यात, मनगटांवर फुली. दोन हात दोन ठिकाणी असल्याने जोडी पिळली जात नाही. एका हाताची फुगडी घालणाऱ्या दोघींचे खांदे मात्र सारखे वळत होते, आणि त्या मोकळ्या हाताने तोल सावरत होत्या. दंडफुगडीत दोघी फार जवळ येतात, मागे कलणं कमी होतं. माझ्या कामाला साधी, पूर्ण हात लांबवलेलीच बरी. कोपर सरळ. वाकलेलं कोपर दिसलं की समजावं, बाई घाबरली आहे.

क्षण कुठला पकडायचा, तेही आज कळलं. सुरुवातीला गाणं असतं, नावं घेतात, एकमेकींच्या सासरची थट्टा चालते. वेग वाढतो तसे शब्द गळत जातात, आणि शेवटी राहतो तो फक्त श्वास : फू, फू, फू. शब्द संपून श्वास उरतो तिथे ओढ सगळ्यात जास्त असते. ओठ गोल, गाल किंचित फुगलेले. माझ्या दोघींचे चेहरे तसे होतील. हसरे नाहीत. त्या वेळी हसायला कुणाला फुरसत नसते, हसू थांबल्यावर येतं.

६ ऑगस्ट

शाडूत दोघींचे नमुने केले, आकार ठरवण्यापुरते. हात मातीत करून पाहिले नाहीतच, मधे काठी घातली. मातीला दाब चालतो, ताण चालत नाही. भाजलेल्या मातीचंही तेच. मातीतली माणसं बसलेली, उभी, टेकलेली चांगली होतात, एकमेकांना ओढणारी होत नाहीत. तांब्याचं उलट आहे : तार ओढूनच तयार होते, ताण तिच्या जन्मातच आहे.

टाचा उचललेल्या ठेवल्या आहेत, भार चवड्यावर. त्यामुळे एकटी आकृती कशीही ठेवली तरी पडते. नियम पायापासूनच लागू झाला.

१६ ऑगस्ट

कसबा पेठेत, तांबट आळीत. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही आळी, आणि अजूनही काही घरांत हातोडीचा आवाज येतो. ज्या काकांकडे मी दोन वर्षांपासून जाते आहे, त्यांच्या ओट्यावर दिवसभर बसायला मिळालं.

प्रत्येक आकृतीचं धड दोन पत्र्यांत आहे, पुढचं आणि पाठीचं. पत्रा लाल होईपर्यंत तापवायचा, पाण्यात बुडवायचा, की तो मऊ होतो. पोलाद असं बुडवलं तर कडक होतं, तांबं होत नाही. मग ठोकायला घ्यायचं. ठोकता ठोकता तांबं पुन्हा कडक होत जातं आणि न थांबता ठोकत राहिलं तर तडकतं. कधी थांबायचं याचं माप मी हाताने शोधत होते. काका दुसऱ्या कामावर होते, माझ्याकडे बघतही नव्हते. मधेच म्हणाले, "आवाज बदलला बघ. आता ठोकू नकोस, ताव दे."

खरंच बदलला होता. मऊ पत्र्याचा आवाज बसका असतो, कडक होऊ लागला की खणखणतो. त्यानंतर दिवसभर मी कानाने ठोकत होते.

शेवटी मठार. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ओळीने, एकमेकाला चिकटून घाव घालायचे. प्रत्येक घावाचा एक छोटा चकचकीत चट्टा उठतो आणि पत्रा पक्का होतो. काकांच्या हंड्यांवर हे घाव आडव्या ओळींत असतात. मी विचारलं, पाठीवर तिरक्या ओळी घेतल्या तर? खांद्यापासून विरुद्ध कमरेकडे, अंगाला पीळ बसल्यासारख्या. काकांनी एक ओळ स्वतः घालून दाखवली, मग हातोडी माझ्याकडे दिली. जड बाईची पूर्ण पाठ तशी झाली. उजेड सरकवला की त्या तिरक्या ओळींतून चमक धावते. शरीरातला ताण पृष्ठभागावर आणायला आणखी काही करायची गरज उरली नाही. हा त्या आळीचा ठेवा आहे, आणि तो हंडे-घंगाळांपुरता राहू नये असं मला फार वाटतं.

२३ ऑगस्ट

हात. १० गेजची तार, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, आत, आणि त्यावर पातळ पत्र्याची गुंडाळी. तारेला ताव दिला नाही, मुद्दाम कडक ठेवली. खांद्यापाशी चांदीचा टाका. मुठी म्हणजे आकडे : चारही हातांची बोटं वळवून, एकमेकांत बसतील अशी. जड बाईचे आकडे वर उघडे, हलकीचे खाली.

२ सप्टेंबर

गौरी गेल्या. सावंतवाडीहून मावशी आली होती. तिच्याकडे गणपतीत रात्र रात्र फुगडी चालते, आणि खाली गोव्यात तर बायका गोलात किंवा ओळीत उभ्या राहूनही फुगडी घालतात, नुसती जोडीने नाही. तिला शाडूचे नमुने दाखवले. बराच वेळ बघून म्हणाली, "ही जाडी आहे ना, तिचे गुडघे जरा दुमडव. मी अशीच घालते. जड बाईने गुडघे सोडले नाहीत तर हलकीचे हात तुटतात गो."

मावशी स्वतः ऐंशी किलोची आहे. तिच्या शब्दावर मी दोन्ही मांड्यांचे पत्रे पुन्हा तापवून वाकवले. जड बाईचा गुरुत्वमध्य थोडा खाली आला आणि तिच्या अंगात एक सांभाळून घेणं आलं. आधी ती नुसती जड होती, आता ती हलकीला पेलते आहे असं दिसतं.

१४ सप्टेंबर

उभ्या राहिल्या.

लगेच नाही. दोघींचा मिळून गुरुत्वमध्य चवड्यांच्या मधल्या जेमतेम दोन सेंटिमीटरच्या पट्टीत पडावा लागतो. जोडी जड बाईच्या बाजूला झुकत होती. हलकीच्या अंगात वजन घालायचं तर धड उघडावं लागलं असतं. उपाय वेणीत सापडला. वेणीचं टोक मधल्या रेषेपासून १४ सेंटिमीटरवर आहे, कमरेच्या दुप्पट लांब. तिथे घातलेला १० ग्रॅमचा गोंडा कमरेवरच्या २० ग्रॅमचं काम करतो. तीन पेडांची वेणी १६ गेजच्या तारेत वळली होतीच. शेवटी तारेचे वेढे घालत घालत गोंडा वाढवत नेला, प्रत्येक वेढ्यानंतर हात सोडून बघायचं. एका वेढ्याला जोडी थरथरली आणि थांबली.

आकड्यांवरची ओढ काढली : सुमारे दीडशे ग्रॅम. हातात घेतलं तर काहीच नाही. पण तेवढ्याच ओढीवर सव्वा किलो तांबं उभं आहे.

एकीला उचललं. दुसरी पाठीवर पडली, खाली घडी घातलेली सतरंजी होती. पुन्हा जुळवलं, पुन्हा उचललं. भाऊ म्हणाला, "पुरे, चेपेल ती." मला थांबवेना.

२७ सप्टेंबर

बैठक काळ्या पाषाणाची, एक फूट चौरस, दगडी पाटे करणाऱ्या वडारकाकांकडून घेतली. घासून गुळगुळीत केलेल्या भागावर चवडे आत सरकतात आणि बोटं बोटांना जाऊन भिडतात. इथे रेटा खरा होतो. खडबडीत ठेवलेल्या बाजूवर चवडे आहेत तिथेच अडकतात, बोटांमध्ये फट राहते, आणि दगडच सगळं काम करतो. म्हणून गुळगुळीत बाजूच वर. गेरूच्या कापडावरची कोरी जागा बरोबर इथे येते.

८ ऑक्टोबर

चेहरे. नाक-डोळे बारीक कोरले नाहीत. गोल ओठ, फुगलेले गाल, आणि डोळ्यांच्या खोबणी नेमक्या एका रेषेत. रेषा दोरा धरून तपासली : हलकीच्या भुवयांमधून जड बाईच्या भुवयांमध्ये. हलकी जास्त मागे कलल्यामुळे तिची हनुवटी छातीकडे आणावी लागली, नाहीतर ती आकाश बघते. मान पुढे आल्याबरोबर तिच्या चेहऱ्यावर जिद्द आली. वारीतल्या आजोबांची मानही अशीच होती.

चिंचेने घासून लख्ख केल्या. वर लाख किंवा वॉर्निश लावणार नाही. तांबं काळवंडेल, मठारीचे चट्टे उजळ राहतील आणि खाचा गडद होतील. अधूनमधून कुणीतरी चिंच लावावी, घरच्या भांड्यांना लावतात तशी.

१९ ऑक्टोबर

खोका तयार. आत दोन वेगळे कप्पे, दोघी आडव्या. झाकणाच्या आतल्या बाजूला मांडणीची सूचना मोठ्या अक्षरांत चिकटवली आहे :

मांडायला दोन माणसं लागतील. एकट्याने प्रयत्न करू नये, दोन हात पुरत नाहीत. दोघांनी समोरासमोर उभं राहून एकेक आकृती कमरेला धरावी. चवडे दगडावर टेकवावेत. आधी उजवे आकडे अडकवावेत, मग डावे. हळूहळू मागे कलवत न्यावं, आकड्यांत ताण आल्याचं बोटांना कळेल. मग एकाने "सोड" म्हणावं आणि दोघांनी एकदम सोडावं.

दालनात काम मांडणाऱ्या दोन पोरांकडून आज सराव करून घेतला. पहिल्यांदा एकाने आधी सोडलं. दुसऱ्याने आकृती छातीशी धरली, काही बिघडलं नाही. नंतर ते दोघे आपोआप एकमेकांच्या तोंडाकडे बघून सोडायला लागले, मी सांगितलं नव्हतं.

एका हाताच्या फुगडीचा पत्रा कापून ठेवला आहे. तिथे एकच आकडा, म्हणजे पीळ अडवायला काही नाही. मोकळ्या हातांचं वजन आणि ते किती बाहेर न्यायचे, हे दिवाळीनंतर कागदावर मांडायचं. काकांना विचारून ठेवलं आहे, पाडव्यानंतर ओटा मोकळा आहे.